सरकारी बाळंतपण सेवा, कोल्हापूर जिल्हा: पाचपैकी चार स्टार, आणि एक स्टार का कापला ते सविस्तर

राजारामपुरीत नवीन कॅफे उघडला की आठवड्यात त्याचे शंभर रिव्ह्यू येतात पण आपल्या जिल्ह्यात दर महिन्याला एवढ्या बायका सरकारी दवाखान्यात बाळंत होतात त्याचं कोण लिहीत नाही, म्हणून मी लिहितेय. हा रिव्ह्यू एका हॉस्पिटलचा नाही, गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईपासून पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), तिथून ग्रामीण रुग्णालय, १०८ ची अॅम्ब्युलन्स, शहरातलं सरकारी हॉस्पिटल, बाळांचा आयसीयू आणि परत घर, या सगळ्या साखळीचा आहे. माझ्या वहिनीचं दुसरं बाळंतपण यातून पार पडलं. गावाचं आणि दवाखान्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा डोंगरी भाग एवढं समजा.

सुरुवात आशाताईंपासूनच करायला पाहिजे. वहिनीला तिसरा महिना लागला तेव्हापासून या बाई घरी येत होत्या, माता बाल कार्ड काढून दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि नुसत्या देऊन गेल्या नाहीत तर पुढच्या वेळी पाकिटातल्या किती संपल्या ते मोजून बघितलं. वहिनीला गोळ्यांनी मळमळायचं म्हणून ती टाळत होती, तर ताईंनी सांगितलं रात्री जेवण झाल्यावर घ्या, चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळून खा. साधी गोष्ट वाटते, पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांमध्ये रक्त कमी निघालंय, आणि अंगात रक्त कमी असलेली बाई बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी धोक्यात जाते. जगात बाळंतपणात जेवढ्या बायका जातात त्यात एकट्या रक्तस्रावाने जाणाऱ्या साधारण चौथा हिस्सा आहेत. त्यामुळं त्या गोळ्या मोजणं हे माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाच्या कामांपैकी एक आहे आणि ते करणाऱ्या बाईला सरकार नीट पगारी नोकरसुद्धा मानत नाही, ते पुढं लिहिते.

दर महिन्याच्या ९ तारखेला पीएचसीत गरोदर बायकांची खास तपासणी असते, २०१६ पासून ही योजना आहे, आणि ताई वहिनीला न चुकवता घेऊन जायच्या. आठव्या महिन्यातल्या ९ तारखेला वहिनीचं बीपी वाढलेलं निघालं, पायाला सूज होतीच, पण आमच्या घरात सगळे म्हणत होते की शेवटच्या महिन्यांत पाय सुजतातच. कार्डावर लाल स्टिकर लागला, म्हणजे जोखमीची केस. गोळ्या सुरू झाल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी रात्री तिचं डोकं ठणकायला लागलं आणि डोळ्यांपुढं चमकायला लागलं, दादाने ताईंना फोन केला, ताई म्हणाल्या सकाळची वाट बघू नका, आत्ता चला, आणि स्वतः गाडीत बसल्या.

पीएचसीतल्या डॉक्टर मॅडमसाठी तर मी एक जादा स्टार दिला असता. बीपी बघितलं, लघवी तपासली, गुडघ्यावर हातोडी मारून बघितलं आणि लगेच मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन काढलं. दोन्ही बाजूला कमरेत एकेक दिलं, लई दुखतं ते, वहिनी ओरडली, मॅडमनी तिचा हात धरून सांगितलं की हे दुखणार पण यानं वाढलेल्या बीपीचे झटके येणार नाहीत. हे औषध काही महागडं नाही. २००२ मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं की यानं झटके येण्याचा धोका निम्म्यावर येतो. म्हणजे औषध आहे, स्वस्त आहे, माहिती आहे, पण त्या रात्री, त्या खेड्यात, कपाटात ते असणं आणि ते कधी द्यायचं हे ठामपणे ठरवणारा माणूस ड्युटीवर हजर असणं, यासाठी सरकारला वर्षभर पैसा घालावा लागतो. आरोग्यावरचा खर्च म्हणजे फक्त नवीन इमारतीचं उद्घाटन नव्हे, हे मला त्या रात्री पुरेपूर पटलं.

आता एक स्टार कुठं गेला ते. पीएचसीतून आम्हाला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं कारण सिझर लागणार हे दिसत होतं. इमारत चकाचक, ऑपरेशन थिएटर आहे, टेबल आहे, वरचा मोठा लाईट आहे, पण भूल देणारा डॉक्टर नाही. पद रिक्त. बाहेरून बोलावतात तो त्या रात्री येऊ शकत नव्हता. मग आमचा बराच वेळ कागद करण्यात आणि पुढं कुठं पाठवायचं ते ठरवण्यात गेला. ड्युटीवरच्या सिस्टर वहिनीवर खेकसल्या की एवढ्या उशिरा कशाला आलात, बीपीची एक गोळी संपली म्हणून बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी दिली जी सरकारी योजनेप्रमाणे आम्हाला फुकट मिळायला पाहिजे होती, आणि बाथरूममध्ये त्या अवस्थेतल्या बाईने जाऊ नये अशी परिस्थिती. सिस्टरचा राग आला पण नंतर बघितलं तर त्या एकट्या दोन वॉर्ड बघत होत्या, एकीकडं लेबर रूममध्ये एक बाई कळा देत होती आणि दुसरीकडं आम्ही.

बाळंतपणात जीव जातो तो तीन ठिकाणच्या उशिराने, असं या विषयावर काम करणारे १९९४ पासून सांगतायत. घरी निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला उशीर. आमच्याकडं पहिला उशीर आशाताईंनी होऊ दिला नाही, दुसरा गाडीनं, पण तिसरा सरकारच्याच दारात झाला. आणि हे फक्त आमच्या तालुक्याचं नाही, केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत, स्पेशालिस्ट डॉक्टरांची गरजेच्या मानानं जवळपास ८० टक्के कमतरता दिसते. थिएटर बांधायला एकदाच पैसा लागतो, डॉक्टर ठेवायला दर महिन्याला लागतो, राहायला क्वार्टर लागतं, त्यांच्या पोरांना शाळा लागते. कॅनॉलला पाणी सोडलं तरी शेपटाकडच्या शेताला पोचेपर्यंत किती उरतं हे ऊस लावणाऱ्या माणसाला सांगायला नको, आरोग्याच्या पैशाचं हुबेहूब तसंच आहे.

यावर जगात वादही झालेत. १९९९ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी बऱ्याच देशांची आकडेवारी मांडून दाखवलं होतं की सरकारने आरोग्यावर किती खर्च केला यावरून लहान मुलांच्या मृत्यूंमधला फरक फारसा समजत नाही, लोकांचं उत्पन्न, बायकांचं शिक्षण असल्या गोष्टींनी जास्त समजतो. हे वाचून काही लोक लगेच म्हणतात बघा, सरकारी खर्च वायाच. मला हे अजिबात पटत नाही. कारण नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं की जिथं कारभार बरा आहे तिथं त्याच खर्चानं मुलं वाचतात आणि जिथं कारभार कुजका तिथं पैसा मुरून जातो. म्हणजे प्रश्न खर्च करू नका असा नाहीच आहे, थिएटरबरोबर भूलतज्ज्ञाचाही पगार द्या असा आहे.

श्रीलंकेचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. तिथलं सरकार जीडीपीच्या फार मोठा हिस्सा आरोग्यावर घालतं असं नाही, आपल्यासारखंच दीड-दोन टक्क्यांच्या आसपास. पण त्यांनी अनेक दशकांपूर्वीच सेवा मोफत केली, गावोगाव शिकलेल्या सुईणी नेमल्या ज्या घरी जाऊन गरोदर बाईला बघतात, आणि जो मातामृत्यू होईल त्याची चौकशी करायची पद्धत पाडली. एक लाख जन्मांमागं तिथं साधारण ३० माता जातात. आपल्या देशात २००४-०६ ला हाच आकडा २५४ होता, २०१८-२० ला ९७ झाला. महाराष्ट्र ३३, केरळ १९, आणि त्याच काळात आसाम १९५. एकाच देशात एवढी तफावत! आपण महाराष्ट्रात आहोत म्हणून वहिनीची शक्यता आधीच चांगली होती हे मला नंतर कळलं, पण आसामच्या चहाच्या मळ्यातल्या बाईने काय पाप केलंय.

बरं, परत त्या रात्रीवर. १०८ ला पूर्ण पाच स्टार. गाडी आली, आत डॉक्टर होते, ऑक्सिजन होता, सगळा वेळ बीपी घेत होते, आणि मुख्य म्हणजे निघतानाच त्यांनी पुढच्या हॉस्पिटलला फोन लावून सांगितलं की काय केस घेऊन येतोय. ड्रायव्हर दादा घाटाच्या वळणांवर इतक्या बेतानं गाडी चालवत होते की वहिनीला हिसका बसू नये, आणि सरळ रस्ता लागला की पळवायचे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. आमचं नशीब की पाऊस नव्हता. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीला पाणी आलं की वाहतूक बंद होते, तशा दिवसांत पलीकडच्या गावातल्या बाईचं काय हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. म्हणून तारीख जवळ आलेल्या बायकांना पूर यायच्या आधीच दवाखान्याजवळ आणून ठेवणं हे काम आहे, आणि त्यालाही पैसा लागतो. रंकाळ्याच्या बाजूनं शहरात शिरलो तेव्हा पहाट व्हायची होती.

शहरातल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये गेटवरच स्ट्रेचर तयार. केसपेपर काढत बसायला लावलं नाही, आधी वर नेलं, कागद दादाने मागाहून केले. सिझर झालं, रक्ताची एक बाटली लागली ती रक्तपेढीतून मिळाली, पैसे नाहीत. ज्युनिअर डॉक्टर पोरी, वयानं माझ्याहून लहान, डोळे तांबडे झालेले पण प्रत्येक तासाला येऊन बीपी आणि लघवीची पिशवी बघत होत्या आणि तक्त्यावर लिहीत होत्या. त्यातल्या एकीला मी विचारलं जेवलात का, तर म्हणाली ताई, आधी तुमच्या वहिनीचं बीपी खाली येऊ दे.

मुलगी झाली. वजन दोन किलोच्या आत, दिवस भरायच्या आधीची, म्हणून लगेच नवजात शिशू विभागात वॉर्मरमध्ये, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्रात, ठेवली. तिथं चप्पल बाहेर, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, बांगड्या अंगठ्या काढायच्या, आणि सिस्टर खरंच उभ्या राहून बघतात धुतले का नाही. मला हे फार आवडलं. थोडी स्थिर झाल्यावर सिस्टरने सांगितलं आता कांगारू केअर करायचं, म्हणजे बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं घालून आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून पट्ट्यानं बांधायचं, तास न् तास. वहिनीचे टाके ओले होते त्यामुळं सुरुवातीला तिला जास्त वेळ जमत नव्हतं, तर सिस्टर म्हणाल्या आत्याने धरलं तरी चालतं. मग मी धरलं. एवढंसं पोर, पाठ माझ्या तळहातात मावत होती, आणि थोड्या वेळानं तिचे गार पाय गरम लागायला लागले. यंत्र नाही, वीज नाही, फक्त बसायला आरामखुर्ची आणि शिकवणारी सिस्टर पाहिजे. गरीब देशांत वॉर्मर पुरत नाहीत तिथं या पद्धतीनं कमी वजनाची कितीतरी बाळं वाचलीत.

इथं आपल्याच राज्यातलं सांगायला पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ बघायला शिकवलं, श्वास मोजणं, ताप बघणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं, आणि १९९९ मध्ये त्यांनी छापलेल्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आज देशभर आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात ती पद्धत त्यातूनच आली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं. आमची मुलगी बरेच दिवस दवाखान्यातच होती त्यामुळं सुरुवातीच्या फेऱ्या तिथंच गेल्या, पण घरी आल्यावर ताई वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन आल्या, बाळाचं वजन घेतलं, अंगावर पाजताना कसं धरलंय ते बघून वहिनीची बसायची पद्धत सुधारली. या सगळ्या फेऱ्यांचं मिळून त्यांना मिळतात २५० रुपये. २५०! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन सन्मान केला आणि पुढच्याच वर्षी आपल्या राज्यातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं. माझ्या वहिनीचा आणि भाचीचा जीव वाचवायची सुरुवात जिनं केली तिला सरकार नुसत्या मानधनावर ठेवतं, पगारी नोकर मानत नाही हे मला सहन होत नाही.

शहरातल्या हॉस्पिटलच्या बिलाचं. शून्य रुपये. सिझर, रक्त, औषधं, बाळाचा आयसीयू, वहिनीचं जेवण, घरी सोडायला गाडी, सगळं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम (जेएसएसके) २०११ पासून आहे, त्यात हे सगळं मोफत आहे आणि बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत उपचार मोफत. आमच्या ओळखीत अशाच लवकर झालेल्या बाळाचं खाजगीत बिल काही लाखांत गेलं, त्यांनी शेत गहाण टाकलं. देशात २०१३-१४ मध्ये आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातले ६४ टक्के लोकांच्या खिशातून जायचे, २०२१-२२ मध्ये ते ३९ टक्क्यांवर आले, आणि त्याच काळात सरकारी खर्च जीडीपीच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत २.५ टक्के करू असं लिहिलं होतं. आफ्रिकेतल्या देशांनीही २००१ मध्ये अबुजात जमून बजेटचे १५ टक्के आरोग्याला देऊ म्हणून जाहीर केलं होतं, बहुतेक देश अजून तिथवर गेलेले नाहीत. ज्या नायजेरियाच्या राजधानीत हे ठरलं तिथंच दवाखान्याचा बहुतेक खर्च लोक खिशातून करतात, आणि २०२० मध्ये जगात बाळंतपणाशी संबंधित कारणांनी ज्या २ लाख ८७ हजार बायका गेल्या त्यातल्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त एकट्या नायजेरियातल्या होत्या. दुसरीकडं रवांडा, तोही गरीबच, नरसंहारातून उठलेला, तिथं २००० साली एक लाख जन्मांमागं १०७१ माता जात होत्या त्या २०१९-२० च्या पाहणीत २०३ वर आल्या. गावोगाव आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या, जवळपास सगळ्यांना आरोग्य विम्यात आणलं. म्हणजे गरीब देशाला जमत नाही हे कारण चालणार नाही, आणि आपण तर तेवढे गरीब राहिलेलो पण नाही.

आता कोणाच्या घरी बाळंतपण असेल त्यांच्यासाठी कामाचं. नोंदणी तिसऱ्या महिन्याच्या आत करा, आधार आणि बँक पासबुक बाईच्या स्वतःच्या नावाचं असू दे आणि एकमेकांशी लिंक असू दे, कारण मातृवंदना योजनेचे पैसे थेट खात्यात येतात, पहिल्या बाळाला ५ हजार, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. माता बाल कार्ड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट एका पिशवीत कायम तयार ठेवा, आमचा शहरातला वेळ त्यामुळं वाचला. डोकं दुखणं, डोळ्यांपुढं चमकणं, तोंडावर सूज, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर १०८ लावा, शेजारच्या बाईला विचारत बसू नका. बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी दिली तर शांतपणे सांगा की हे जेएसएसके मध्ये मोफत आहे, आणि तरीही आणायला लावलं तर बिल जपून ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षकांकडं लेखी द्या. कोण खुशालीचे पैसे मागितले तर देऊ नका.

आणि तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ ही तीन पदं भरलेली आहेत का हे जरूर विचारा, सातव्या महिन्यातच विचारा. भरलेली नसतील तर जोखमीच्या केसला सरळ शहरात न्यायचं आधीच ठरवून ठेवा, आणि पुढच्या ग्रामसभेत तो विषय घ्या, आमदारांच्या ऑफिसात अर्ज द्या. आमच्या गावाने दिलाय, अर्जाची पोच माझ्याकडं आहे. ज्या दिवशी आमच्या तालुक्यात ते पद भरेल त्या दिवशी इथं येऊन पाचवा स्टार टाकते.